तिसऱ्या गाठीचा दिवा

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवळात एकटी असतानासुद्धा नाही — तिथं तर मी वर बघतच नाही. तू कोण, मला ठाऊक नाही. समोर बसली असतीस तर मी पदर पुढं ओढून चुलीकडं वळले असते, एवढं मी मला ओळखते. चौथीपर्यंत शिकले म्हणून लिहिता येतं, आणि लिहिताना कोणी तोंडाकडं बघत नाही. म्हणून लिहिते. दमले आहे मी. इतकी वर्षं एकच गोष्ट पोटात धरून ठेवायची म्हणजे — पण ते राहू दे. दमणं हे काही सांगायचं कारण नव्हे.

कुठून सुरू करू? पेवापासून करते. तू पेव बघितलं आहेस का?

मीही लग्नाआधी बघितलं नव्हतं. माझं माहेर कोऱ्हाळ्याच्या बाजूचं, पाटाच्या कडेचं. तिथं ऊस, मळे, वांगी-कांदे. बारामतीच्या बाजाराला गाडी भरून माळवं जायचं. आजोबांच्या वेळी तिथंही पेवं होती म्हणे. पाटाचं पाणी आलं, जमीन ओल धरायला लागली, पुरलेला दाणा कुजायला लागला, तशी ती बुजवली. माझं सासर मात्र इंदापूरकडं, माळावर. तिथं अजून सगळ्यांच्या अंगणात पेवं. घट्ट मुरमात विहिरीसारखं खणायचं. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. भिंती शेणानं सारवायच्या, कडब्याचा थर लावायचा, शाळू ओतायचा, तोंडावर दगडी झाकण आणि वर माती. तो दाणा वर्षानुवर्षं राहतो.

मी पहिल्यांदा सासरी आले तेव्हा मनात म्हटलं होतं, इथं हिरवं म्हणून काय, तर बाभळी. मोठेपणा होता मला. पाटाच्या पाण्याचा होता आणि चार बुकं वाचल्याचाही होता. वरून लाजाळू. चारचौघांत माझा आवाज फुटायचा नाही, आणि लोकांना वाटायचं, पोर गरीब आहे. गरीब नव्हते मी. गप्प होते.

देवळामागं एक पेव होतं, ते कोणाचंच नव्हतं. देवीचं. खळं उरकलं की प्रत्येक घरानं देवीच्या नावानं एक मापटं शाळू त्यात घालायचा. श्रीमंतानं जास्त घालायचा नाही, गरिबानं कमी घालायचा नाही. आणि ते पेव उघडायचं फक्त पाऊस गेला तर. उघडलं की पहिला वाटा ज्याच्या चुलीत विस्तव नाही त्याचा. मग बाकीच्यांचा. कोणी ठरवलं हे? गावात कोणालाच माहीत नव्हतं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांना मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आईनं ठरिवलं. आपून कोन इचारनार?"

ह्या पेवाच्या दिव्याचा मान आमच्या घराला.

मान म्हणजे असं — झाकण काढलं की पेव नुसतं उघडं ठेवायचं, भोवती बाभळीचे काटे लावून. मग आमच्या घरच्या बाईनं दिवा सोडायचा. काळ्या दगडाची पणती, ती तारेच्या शिंक्यात, शिंक्याला दोर, दोराला पाच गाठी. एक गाठ हातातून खाली गेली की थांबायचं आणि त्या गाठीची ओवी म्हणायची. मोठ्यानं आणि सावकाश म्हणायची. मग पुढची गाठ. पाचव्या गाठीला पणती दाण्यावर टेकते. तिथं जळत राहिली तर आई जागी आहे, माणसानं उतरावं. विझली तर आई झोपली आहे, तिला उठवू नये. काटे परत लावायचे आणि उद्या यायचं. दिव्याच्या बाईशिवाय दुसऱ्या कोणी तोंडाशी वाकून बघायचं नाही. पुरुषांनी लांब उभं राहायचं. ती सांगेल ते खरं.

ती सांगेल ते खरं.

पहिली ओवी अशी होती:

पहिल्या गाठीला, भुई माये तुझी वटी
दिवा येतो भेटी, डोळा उघड

मला हसू यायचं. आई झोपली आहे म्हणे! शाळेत आम्हाला मास्तरांनी पृथ्वी गोल आहे हे शिकवलं होतं, आणि इथं बायका भुईला डोळा उघड म्हणत होत्या. आत्याबाईंनी मला पाचही ओव्या शिकवल्या. जात्यावर बसून, पीठ पडत असताना. मी पाठ केल्या. पाठ करणं मला जमायचं.

आता इथं तू म्हणशील, मग तुला कळलंच नसेल गं, ती रूढी आहे असंच वाटलं असेल. तसं लिहिता आलं असतं तर मी हे केव्हाच लिहिलं असतं. पण आत्याबाईंनी मला फक्त ओव्या शिकवल्या नाहीत. एक दिवस जातं थांबवून, खुंटा हातात तसाच धरून त्या म्हणाल्या होत्या, "आई झोपली हे आपलं म्हनायचं. आत दाण्याची वाफ असती. त्यात दिवा जगत न्हाय, अन् दिवा मेला तिथं मानूस मरतं. माझ्या सासूनं बघितलंया. ध्यानात ठिव, थोरले."

थोरली सून म्हणून मला थोरले म्हणायच्या. मी ध्यानात ठेवलं होतं. अजून आहे, बघ. शब्दन् शब्द.

मिठाच्या सत्याग्रहाचं नाव गावोगाव झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. पाऊस लागोपाठ दोनदा गेला. ओढ्यात झरे खोदून पाणी भरायचो. घरोघरची पेवं तळाला लागली. लोकांनी देवीचं पेव उघडायचं ठरवलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आत्याबाईंना हिवताप भरला. अंगावर दोन घोंगड्या घालूनही दात वाजत होते. मला जवळ बोलावून पणती दिली, दोर दिला. "गाठ सोडली की वाट बघ. घाई करू नगं. इझला तर इझला म्हन. कुनी काय बी म्हनू दे."

मी मान हलवली.

ठकूबद्दल आधी सांगायला हवं होतं. बघ, मी तिला टाळत आले. ठकू कोळ्याची. तिचा नवरा धोंडबा. दिव्याचा मान जसा आमच्या घराला, तसं पेवात उतरायचं काम त्याच्या घराकडं. तो ज्या दोरावर उतरायचा तो दोरही त्यांच्याच घरी राहायचा. ठकू माझ्याच वयाची. झऱ्यावर रोज भेटायची. सगळ्या गावात मी जिच्याशी बोलायचे अशी ती एकटी. पहिल्या वर्षी मी कोणाशीच बोलत नव्हते, तेव्हा तिनंच माझ्या तोंडापुढं तोंड आणून विचारलं होतं, "वैनी, तुमी बोलत का न्हाय वो? दात पडलं का काय?" मला हसू आलं, तशी म्हणाली, "न्हाय, हायती की! चांगलं पांढरं हायती." त्या दिवसापासून माझी घागर ती भरून द्यायची आणि मी तिला माहेरच्या गोष्टी सांगायचे. पाटाच्या. उसाच्या. तिनं ऊस उभा कधी बघितला नव्हता.

तर त्या सकाळी मी पेवाशी गेले.

सगळं गाव जमलं होतं. टोपल्या, पाट्या, फाटकी धोतरं पसरून ठेवलेली. कोणी भांडत नव्हतं. भांडायला अंगात काही नव्हतं. लहान पोरं काट्यांच्या पलीकडं बसली होती, आणि ती रडतही नव्हती. आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. तुला कधी असं झालं आहे का, की लोक बघतात म्हणून आपले हात आपले राहत नाहीत? मी पदर दातात धरला. पेवाच्या तोंडातून ऊन, आंबूस वास येत होता. पणती पेटवली, शिंकं सोडलं, पहिली गाठ गेली. ओवी म्हटली. म्हटली म्हणजे ओठ हलवले.

मागं एक म्हातारे तात्या होते, ते म्हणाले, "सूनबाई, आईच्या कानात सांगताय का काय? आमाला बी ऐकू द्या की!"

दुसरं कोणी म्हणालं, "शाळंत ही कविता न्हवती वाटतं, तात्या!"

लोक हसले. वाईट नव्हतं ते हसणं. उपाशी माणसं होती, त्यांना एवढंच हसायला मिळालं. पण माझे कान तापले. दुसरी गाठ सोडली. तिसरी सोडली.

तिसऱ्या गाठीला दिवा विझला.

वारा नव्हता, आवाज नव्हता. ज्योत जरा लांब झाली, वातीपासून सुटल्यासारखी झाली, आणि मग नव्हतीच.

मी वर ओढला. उतरणारा म्हणून धोंडबाच तेवढा जवळ होता. त्यानं विचारलं, "काय झालं, वैनी?" मी म्हटलं, "तेल सांडलं." मला आधी वाटलंही तसं असेल — नाही. नाही वाटलं. पणतीत तेल दिसत होतं. त्यानं पणती हातात घेतली, त्यालाही तेल दिसलं असेल, पण दिव्याची बाई म्हणते तर सांडलं असेल. त्यानं बुधल्यातलं करडईचं तेल वर घातलं, स्वतः काडी ओढून वात पेटवली. मला म्हणाला, "भिऊ नगा. सावकाश होऊ द्या. आमी हाय हितंच."

मागं कोणीतरी पुन्हा काही बोललं. पुन्हा हसू. मला वाटलं, आता हा पुन्हा विझेल, मी पुन्हा वर ओढेन, पुन्हा बघतील. मग मला सगळ्यांकडं तोंड करून म्हणावं लागेल, विझला, घरी जा, उद्या या. रिकाम्या टोपल्या घेऊन जा. आणि उद्या मी पुन्हा इथं येईन. ते शब्द माझ्या तोंडून मोठ्यानं निघायचे होते. एवढ्या लोकांत.

मी दोन गाठी सोडल्या. तिसरी मुठीत धरली. दोराचा उरलेला भाग पदराखाली गोळा केला, खाली वाकले, म्हणजे कोणाला दिसू नये. आणि राहिलेल्या ओव्या पुटपुटल्या. पाचव्या ओवीपर्यंत गेलेच नाही. दोन गाठींवर दिवा छान जळत होता. तिथं वरची हवा होती. तो जळणारच.

मग उठून उभी राहिले आणि म्हणाले, "जळतोय."

मोठ्यानं म्हणाले. त्या गावात माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला तो पहिल्यांदा तेव्हा.

सांगितलं. बघ, एवढंच होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे लिहिलं की काहीतरी होईल. काही झालं नाही. बाहेर शेळी ओरडते आहे. तिला पाला टाकायचा आहे.

पुढचं लवकर लिहिते. मी घरी आले, सुटल्यासारखी आले. पणती राखेनं घासत होते तेव्हा देवळाकडून आरडाओरडा ऐकू आला. धोंडबा उतरला, दाण्यावर पाय टेकले, कमरेचा दोर सोडून पाटीला बांधायला वाकला, आणि तसाच वाकून राहिला म्हणे. हाका मारल्या. त्याचा चुलतभाऊ उतरायला निघाला, त्याला चौघांनी धरून ठेवलं. शेवटी विहिरीतली घागर काढायच्या गळानं धोंडबाला वर काढलं. मी गेले नाही बघायला. मी पणती घासत राहिले. ती दगडाची होती, तिला घासण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी आत्याबाईंचा ताप जरा उतरला. त्यांनी मला विचारलं, "गाठी किती सोडल्यास?"

"पाच."

"तळाला जळत हुता?"

"जळत होता."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, ओळखलं. पण त्यांनी ओळखलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. म्हणजे दिव्यावरचा काढून घेतला. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "मग दिव्यानं दगा दिला." त्यांच्या सासूनं त्यांना दिलेलं, तिच्या सासूनं तिला दिलेलं, आणि कितीतरी माणसं ज्यानं जिवंत वर आली, ते सगळं माझ्या एका शब्दानं त्या बाईला खोटं वाटलं. त्यानंतर त्या तीन वर्षं जगल्या. जात्यावर पुन्हा कधी ती ओवी म्हटली नाही. मरताना मला म्हणाल्या, ती पणती नदीत टाक, तिचं काही खरं नाही. मी तेव्हाही बोलले नाही. मरणाऱ्या माणसाला तरी सांगायचं! कोणाला सांगणार होत्या त्या?

आणि गाव? गावाला कारण हवं होतं. दिवा जळत होता, तरी माणूस गेला. मग आईचा कोप. मग कोप कशाचा? एका म्हातारीला आठवलं की धोंडबाचा दोर ठकूनं डोक्यावरून आणला होता, आणि तिचं चौथ्या दिवसाचं न्हाणं झालं होतं की नाही कोण जाणे. बास. कोण जाणे, एवढंच बोललं गेलं होतं. दहावा होईपर्यंत ते गावाला नक्की माहीत झालं.

ठकू माझ्याकडं आली. उंबऱ्याबाहेर बसली, आत आली नाही. तिचं कपाळ मोकळं होतं, मला तिकडं बघवेना. ती म्हणाली, "वैनी, मी न्हाले हुते वो. शपथ न्हाले हुते. तुमी फकस्त एक सांगा. दिवा जळत हुता का? इझला असंल अन् तुमच्या ध्यानात आलं नसंल — असं बी हुतं की मान्साचं. तुमी सांगा. मी कुनाला बोलनार न्हाय."

तिला हे सुचलं होतं, बघ. तिनं वाट करून दिली होती मला. चूक म्हणूनसुद्धा सांगता आलं असतं. नजरचूक झाली म्हटलं असतं तरी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. त्या घटकेला मी काय विचार केला? खरं सांगू? काहीच केला नाही. आत आत्याबाई निजल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल एवढंच मनात आलं.

मी म्हटलं, "जळत होता."

ती म्हणाली, "बरं." पदर सावरून उठली. "मग माझ्यामुळंच झालं म्हनायचं."

मी गप्प बसले. ते मला जमतंच.

पुढं चार दिवसांनी दुसरी माणसं पेवात उतरली, तेव्हा काही झालं नाही. वाफ निघून गेली होती. शाळू वाटला. आम्हीही तो खाल्ला. मीही खाल्ला. भाकरी चांगली होत होती त्याची.

ठकूच्या हातचं पाणी बायका घेईनात. झऱ्यावर ती आली की घागरी उचलायच्या. वर्ष सरायच्या आत ती गाव सोडून पाटाकडं गेली, उसाच्या खुरपणीला. माझ्या माहेराकडंच. मी सांगितलेल्या गोष्टी ऐकून गेली असेल का? इंदापूरचे पुष्कळ लोक तिकडं जातात, त्यात काही नाही. पण मला वाटतं, ती माझ्या गोष्टी ऐकूनच गेली.

देवीचं पेव दगड टाकून बुजवलं. कोपाचं पेव कोण भरणार? मापटं बंद झालं. खळं झालं की ज्याचा दाणा त्याच्या घरी. पुढं एकदा पावसानं ओढ दिली, तेव्हा गावातली पाच-सहा घरं कुलूप लावून गेली, त्यातली दोन परत आली नाहीत. देवीचं पेव असतं तर ती राहिली असती का? राहिली असती. आधी राहिली होतीच की, आत्याबाईंच्या वेळी, त्यांच्या सासूच्या वेळी. मी तेव्हा समजत होते की मी एक दिवा लपवला. दिव्याच्या मागं केवढं काय काय बांधलेलं होतं, ते मला एकेक करून दिसत गेलं. आणि दर वेळी मी ते नुसतं बघितलं.

ठकू मला एकदा भेटली. मी माहेरी गेले होते, भावाच्या मुलाच्या बारशाला. पाटाच्या कडेनं येत होते. उसातून बायका बाहेर पडल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या. एकीनं हाक मारली, "वैनी! दात हायती का अजून?"

मी ओळखलं. उभी राहिले. ती वाळून गेली होती, पण हसली तशीच. माझ्या मुलीचं नाव विचारलं, आत्याबाई गेल्याचं ऐकून चुकचुकली. मग पाटाच्या पाण्यात हात धुताधुता, मला न विचारता, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "न्हाले हुते असं मला वाटतंया वो. पन न्हाले नसंन. दोर मी शिवायला नको हुता."

तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तिथं कोणी नव्हतं. तात्या नव्हते, गाव नव्हतं, आत्याबाई नव्हत्या. पाट वाहत होता आणि आम्ही दोघी. लाजायचं कोणाला होतं? मी म्हटलं, "येते गं, उशीर होतोय." बारसं दुपारी होतं. तेव्हा नुकती सकाळ होती.

हे मी दिव्यापेक्षा वाईट धरते. दिव्याच्या वेळी माणसं बघत होती.

आता सांगते की आजच का लिहायला बसले. कुठंतरी मोठी लढाई लागली आहे म्हणतात, दाणा महागणार म्हणतात. म्हणून लोक पुन्हा पेवं साफ करून भरायला लागले आहेत. आमचे चुलत दीर सोपानराव, त्यांच्या अंगणातलं जुनं पेव काल उघडलं. तळाला थोडा शाळू होता कुजलेला, तो काढायचा होता. झाकण काढून सकाळ गेली नाही तोच त्यांचा मोठा मुलगा कमरेला दोर बांधायला लागला. मी तिथं ताक द्यायला गेले होते. कसं झालं ठाऊक नाही, माझ्या तोंडून निघालं, "आधी दिवा सोडा."

सगळे माझ्याकडं वळले. मी कधी बोलत नाही ना!

सोपानराव हसून म्हणाले, "वैनी, दिव्याचं काय घिऊन बसलाय? तुमच्याच हातानं सोडला हुता की त्या टायमाला. तळाला जळत हुता म्हनून तुमीच सांगितलं. मग धोंडबा वाचला का?"

"तसं नाही," मी म्हटलं.

"मग कसं?"

खरंच विचारलं त्यांनी. चेष्टा नव्हती. मुलगाही थांबला होता, दोर हातात धरून. त्यांच्या सुना, दोन गडी, सगळे थांबले होते. आता कोणीच हसत नव्हतं. मी काय सांगते याची वाट बघत होते.

मी ताकाचा गडगा खाली ठेवला आणि म्हटलं, "काही नाही. जपून उतरा."

मुलगा उतरला. मी निघून आले नाही ह्या वेळी. तोंडाशी उभी राहिले, वाकून बघत राहिले. आतून त्याचा खोकला येत होता. खोकला ऐकू येत होता तोवरच मला श्वास येत होता. तो वर आला, डोळे लाल, तोंड लाल, पायरीवर बसून ओकला. आणि मग हसून म्हणाला, "लई घान वास हाय, काकी. ताक द्या."

मी ताक दिलं.

पुढच्या आठवड्यात खालच्या आळीतलं पेव उघडायचं आहे. त्यानंतर आणखी एक. कोणी दिवा सोडणार नाही. दिवा खोटा असतो हे गावाला माहीत आहे. ते मीच शिकवलेलं आहे.

पणती मी नदीत टाकली नाही. माळवदावर आहे, शिंक्यासकट. दोरही आहे, पाच गाठींचा. ओव्याही मला पाचही येतात. आत्याबाई गेल्यापासून त्या आणखी कोणाला येत नाहीत. पाचवी ही:

पाचव्या गाठीला, दिवा दाण्याला टेकला
तिथं जो जगला, त्यानं बोलवावं

म्हणजे जगलेल्या दिव्यानं माणसाला खाली बोलवावं. बाईनं नाही.

धोंडबाला मी बोलावलं. दिवा तिसऱ्या गाठीला विझला होता. ठकू न्हाली होती.